सोनेरी कागदाखालचा हात

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, दुकानाच्या पायरीवर रोज चहा पिणाऱ्या मित्रांना सांगितलं नाही. जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही माझ्या घरी कधी येणार नाही, जिना चढून ती भिंत बघणार नाही, म्हणून असेल कदाचित. सांगतो. पण जरा फिरून येतो, चालेल ना? थेट भिंतीपाशी जायला मला अजून जमत नाही.

मी ओतूरचा. आमचे पणजोबा राजस्थानातून इकडे आले, आणि आता आम्ही इथलेच. घरात मारवाडीत सुरू केलेलं वाक्य मराठीत कधी संपतं ते कळत नाही. वडिलांचं रंगाचं दुकान होतं. चुना, ऑइलपेंट, ब्रश, पॉलिश पेपर. ते लवकर गेले. मग आई आणि मी दुकान बघायला लागलो. आमच्यात बऱ्याच घरांत आईला बाई म्हणतात, आम्हीही म्हणायचो. बाई गल्ल्यावर बसली की गिऱ्हाईक उधारीचं नाव काढायचं नाही, अशी तिची नजर होती.

दुकान खाली, घर वर. रंगाच्या धंद्यात पुढे काही राम राहिला नाही असं मला वाटायला लागलं, आणि मी वॉलपेपर आणला. तेव्हा आमच्या भागात हे खूळ नवीन होतं. भिंतीला कागद? लोक हसायचे. आता कुणी हसत नाही. आता बंगल्याचा स्लॅब पडायच्या आधी सूनबाईंच्या मोबाइलमध्ये पंचवीस फोटो जमलेले असतात. मध्यंतरी धबधब्याची साथ आली होती, ज्याला त्याला हॉलमध्ये धबधबा पाहिजे. मग विटांसारखे दिसणारे फोमचे तुकडे आले, मग केळीची मोठी मोठी पानं आली. सध्या उभ्या पट्ट्यांचे पॅनल चालतात, आणि रंग म्हणाल तर सगळीकडे दुधात चहाचे दोन थेंब पडल्यासारखा. घाटघरच्या एका हॉटेलवाल्याने तर कमाल केली. त्याच्या खिडकीतून समोर ढग डोंगराला टेकलेले दिसतात, आणि हा माझ्याकडून बर्फाच्या डोंगरांचा कागद घेऊन गेला. मी म्हटलं, अहो, बाहेर बघा की. तर म्हणतो, "शेठ, भाईरचं तर फुकाट हाय. त्याचं पावण्यांना काय कवतिक?"

मला हा धंदा मनापासून आवडतो, हेही सांगून टाकतो. कोरी भिंत बघितली की माझे हात शिवशिवतात. जुन्नर-आंबेगावात कितीतरी घरांमध्ये माझ्या हातच्या भिंती आहेत, आणि त्यांच्यासमोर लोक आनंदाने फोटो काढतात. मी सुखी माणूस आहे. मला झोप चांगली लागते. तुम्हाला वाटेल, कबुली द्यायला बसलेल्या माणसाने असं बोलू नये. पण खोटं बोलून कबुली कशी देणार?

आता माझ्या स्वतःच्या घराचं. जिना चढून आलात की समोरच मोठी भिंत आहे. तिच्यावर सोनेरी वेलबुट्टीचा कागद आहे, जुना. इतका जुना, की त्या नक्षीचा कागद आता बाजारात मिळत नाही आणि मिळाला तर कुणी घेणार नाही. कडा पिवळ्या पडल्यात. एका कोपऱ्यात मी पुन्हा पुन्हा गोंद लावून तो दाबून ठेवलाय. गिऱ्हाईक कधी वर चहाला आलं की हमखास टोमणा मारतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी हसतो. मग कुणीतरी जाणकार त्याला गप्प करतो, "आरं गप राव, त्यामागं त्यांच्या बहिणीचा हात हाय." आणि तो माणूस माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागतो. आदराने.

ती नजर मी इतकी वर्षं घेत आलोय.

हात म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्यात मुलगी सासरी निघाली की निघताना माहेरच्या भिंतीवर कुंकवाचा हात उमटवते. ताटलीत कुंकू कालवतात, त्यात थोडं तूप. मुलगी तळवा बुडवते आणि भिंतीवर दाबते. तो हात मग कुणी पुसत नाही. रंग दिला तरी रंगारी त्याच्या कडेकडेने ब्रश फिरवतो. माझी धाकटी बहीण मंजू मंचरला दिली. म्हटलं तर जवळ, पण निघताना कुठली मुलगी अंतर मोजते? ती इतकी रडत होती की तिचा हात भिंतीवर ठरेना. शेवटी बाईने तिचं मनगट धरलं आणि दाबलं. दाबताना बाईचा स्वतःचा अंगठा कुंकवात भरला, आणि मंजूच्या तळव्याच्या खाली, जरा डावीकडे, तोही उमटला.

सगळे रडत होते आणि बाई म्हणाली, "घ्या, माझाबी अंगठा लागला. आता मलाबी सासरी धाडा." मंजू रडता रडता हसली. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो.

बाई शाळेत गेली नव्हती, पण तिने नाव लिहायला शिकून घेतलं होतं. बँकेत कुणी शाईचं पॅड पुढे केलं की ती ते बाजूला सारायची आणि पेन मागायची. त्याचा तिला फार अभिमान. म्हणजे बघा, तिने आयुष्यात एकदाच अंगठा उठवला, तोही चुकून, आणि तो आमच्या भिंतीवर होता.

मंजूच्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांत बाई गेली. मंजू माहेरी आली की आधी त्या भिंतीपाशी जायची. आपल्या हातावर हात ठेवायची, मग खाली त्या अंगठ्यावर आपला अंगठा.  मग आत जाऊन ललिताला, म्हणजे माझ्या बायकोला, पोळ्या लाटू लागायची.

आता येतो भिंतीपाशी. येतो.

वॉलपेपर आणला तेव्हा माझ्याकडे नुसते कॅटलॉग होते. पुस्तकातला वीतभर तुकडा बघून कोण भिंत सजवणार? बेल्ह्याकडचे एक बागायतदार नवा बंगला बांधत होते, सगळ्या खोल्यांना कागद लावायची त्यांची तयारी होती. पण म्हणाले, "भिताडावर लावल्याला दावा, मंग बोलू." मी म्हटलं, या संध्याकाळी, माझ्या घरातच दाखवतो. बोलून बसलो. ललिता माहेरी गेली होती. हॉलमध्ये दुसऱ्या दोन भिंती होत्या. एकीला खिडकी, एकीला कपाट. जिना चढून आलेल्या माणसाच्या नजरेत पहिली भरते ती हीच, समोरची. मला तीच पाहिजे होती. बाकी दोन्हींपैकी एकीवर लावला असता तर काय बिघडलं असतं? काही नाही. जरा कमी उठून दिसला असता, एवढंच.

माझा कारागीर दत्तू. त्याने सगळी भिंत घासून काढली आणि त्या हातापाशी येऊन थांबला. म्हणाला, "शेठ, ह्यात तूप हाय. वरून कागुद डकवला तर लाल फुटून भाईर येनार. ह्ये तुमीच बगा." आणि जेवायला निघून गेला. तो बरोबर बोलत होता. तेलकट डागावर कागद धरत नाही, आणि कुंकू तर गोंदाच्या ओलीने पसरतंच. डाग राखायचाच असेल तर भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकायच्या, पट्ट्यांवर प्लाय मारायचा आणि कागद प्लायला लावायचा. मागे पोकळी राहते, भिंतीला धक्का लागत नाही. हे मला तेव्हा माहीत होतं का? होतं. चांगलं माहीत होतं. पण त्याला सुताराला बोलवावं लागलं असतं, आणि बागायतदार त्याच संध्याकाळी येणार होते.

मी पत्री घेतली. लांबी, म्हणजे भिंतीची पुट्टी, लावायची साधी पोलादी पट्टी. आधी बोटं खरवडली. मग तळवा. मनात म्हणत होतो, मंजूचं काय, ती आहे की, परत उमटवेल. हात काय, पुन्हा उमटतो.

मग खाली तो अंगठा राहिला.

तिथे मी थांबलो होतो. हे तुम्हाला कळायला हवं — मी थांबलो होतो. त्या अंगठ्यावरच्या रेषा दिसत होत्या. तेवढीच जागा सोडता आली असती. कागदाला तिथे चौकोन कापून वर फ्रेम लावली असती तर बागायतदार काय मला खाणार होता? मी तसा उभा असताना दत्तूच्या चपला जिन्यावर वाजल्या. आणि मला लाज वाटली. हा बघेल, शेठ डोळ्यांत पाणी आणून एका डागापुढे उभा आहे. नवा धंदा काढायला निघालेला शेठ! दत्तू वर पोचायच्या आत मी पत्री फिरवली. दोनदा फिरवावी लागली, कारण तूप आत मुरलं होतं. खाली फरशीवर गुलाबी भुकटी पडली. ती बाकीच्या कचऱ्याबरोबर सुपलीत भरली, आणि दुसऱ्या दिवशी घंटागाडीत गेली.

बस. एवढंच केलं मी. पण हे झालं निम्मं.

संध्याकाळी बागायतदार आले, भिंतीसमोर उभे राहिले, "लई भारी राव" म्हणाले आणि कामाचं पक्कं करून गेले. तिथून माझा धंदा लागला. ललिता माहेराहून आली, तिने कागद पाहिला आणि विचारलं, हाताचं काय केलं? मी म्हटलं, आत आहे. का म्हटलं? माहीत नाही. सहज निघालं तोंडातून. तिला पटलं आणि ती चहा टाकायला गेली.

राखीला मंजू आली. जिना चढली आणि जिन्याच्या तोंडाशीच उभी राहिली. तिच्या हातातली पिशवी तशीच. ती मला म्हणाली, "दादा, बाईचा अंगठा?"

तिने स्वतःच्या हाताचं विचारलंच नाही. त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. ती रडली असती, भांडली असती, एखादी राखी चुकली असती. मग आली असती परत, मंजू मनात धरून ठेवणारी नाही. पण मी म्हटलं, "आत आहे की गं. जसाच्या तसा. उघड्यावर धूळ बसून फिका व्हायला लागला होता, म्हणून झाकून ठेवला."

फिका व्हायला लागला होता! बघा, खोटं बोलायचं म्हटलं की माणसाला कसं बारीकसारीक सुचतं. मंजूचा चेहरा उमलला. तिने पिशवी खाली ठेवली, दिव्याच्या बटणांपासून अंदाज घेत बरोबर त्या जागी कागदावर तळवा ठेवला, मग खाली अंगठा. आणि मला म्हणाली, "माझ्या हे मनात पण आलं नव्हतं. तू बाईला जपून ठेवलंस." मग तिने मला राखी बांधली. मी ओवाळून घेतलं, पेढा खाल्ला. पेढा गोड लागला, हेही खरं.

त्यानंतर ती जिथे जाईल तिथे हे सांगायला लागली. मंचरला, तिच्या सासरी, लग्नाकार्यात. माझा दादा कागदाचा धंदा करतो, पण त्याने पहिला कागद कशासाठी लावला माहितीये? तिची गोष्ट फिरत फिरत ओतूरला आली. लोक मला चांगला भाऊ म्हणायला लागले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती माझी मूठ. मी ती कधी उघडली नाही. चारचौघांत कुणी विषय काढला की मी मान खाली घालायचो, आणि लोकांना तो माझा साधेपणा वाटायचा.

मग फॅशन बदलली. ललिताला ती भिंत बदलायची होती, आणि तिचं काय चुकत होतं? मंजूची मुलगी श्रेया मोठी झाली होती, तिला आजीचा अंगठा बघायचा होता. मंजू म्हणाली, "दादा, हलक्या हाताने कागद काढ ना एकदा. फोटो काढू आणि परत झाक." मी धंद्याची सगळी अक्कल पणाला लावली. गोंद मुरलाय, म्हटलं. कागद ओढला तर त्याच्याबरोबर कुंकू सोलून येईल. तुला चालेल का?

तिने कानावर हात ठेवले. नको नको, हात पण लावू नकोस त्याला! आणि तेव्हापासून तो सोनेरी कागद आमच्या घरात कायमचा झाला. मी दुसऱ्यांना दर दोन वर्षांनी भिंत बदलायला सांगतो आणि स्वतः कोपऱ्यात गोंद लावत बसतो. हे आठवून मला कधी कधी हसूही येतं. तुम्हाला आलं तर हसा.

आमच्यात पर्युषणाच्या शेवटी, संवत्सरीला, सगळे एकमेकांची क्षमा मागतात. मिच्छामि दुक्कडम्. जाणता-अजाणता माझ्याकडून तुमचं मन दुखावलं असेल तर क्षमा करा. मी दर वर्षी मंजूला फोन करून हे म्हणत आलो. आवाज जड करून म्हणायचो, आणि म्हणून झालं की मला हलकं वाटायचं. वाटायचं, मागितली की क्षमा! आणि तिने दिलीही. तिला काय माहीत, कशाची दिली? इतक्या चांगल्या रिवाजाची मी कचऱ्याची सुपली केली.

गेल्या हिवाळ्यात श्रेयाचं लग्न झालं. मामा म्हणून मायरा, म्हणजे माहेरचा आहेर, घेऊन मी मंचरला गेलो, भाचीच्या लग्नात मामाचा मान मोठा. मंजूचं घर नवं आहे, भिंतींचा रंग मीच निवडून दिलेला, तोच दुधातल्या चहाचा. निघताना श्रेयाने कुंकवात हात बुडवला. तिचा हात काही थरथरत नव्हता, हल्लीच्या मुली धीट. तरी मंजूने तिचं मनगट धरलं. आपला अंगठा कुंकवात बुडवला, नीट, हवा तेवढा, आणि लेकीच्या तळव्याखाली जरा डावीकडे उमटवला. मग गर्दीत मला शोधून माझ्याकडे बघून हसली.

वऱ्हाड गेल्यावर दोन दिवसांनी तिचा फोन आला. "दादा, यालाही झाकून दे. तू झाकलेलं राहतं."

मी गेलो. सुतार नेला नाही, सगळं स्वतः केलं. पट्ट्या ठोकल्या, त्यांच्यावर उभ्या रेघांचं पॅनल बसवलं, आतमध्ये बोटभर पोकळी सोडली. चार स्क्रू काढले की पॅनल उघडेल आणि दोघींचे ठसे जसेच्या तसे दिसतील. मंजू चहाचे कप घेऊन मागे उभी होती, बघत होती. म्हणाली, "आपल्याकडं अशा पट्ट्या का नाही रे मारल्यास? आज बाईचा अंगठा उघडून बघता आला असता."

माझ्या हातात स्क्रू होता. तिच्याकडे पाठ होती. मी म्हटलं, "तेव्हा सुचलं नाही."

तिला वाटलं, मला वाईट वाटतंय. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "जाऊ दे रे. आहे ना आत. उघडून कशाला बघायला पाहिजे?" मग मी चहा घेतला. चहा चांगला झाला होता, आलं घातलेला. आम्ही श्रेयाच्या सासरचं बोलत बसलो, आणि मला घरी परतताना खरंच बरं वाटत होतं.

या संवत्सरीला मी मंजूला मिच्छामि दुक्कडम् म्हटलं नाही. तिचाच फोन आला, तिने माझी क्षमा मागितली. जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर, म्हणाली. माझी! मी "हो, हो" म्हणालो आणि श्रेया कशी आहे ते विचारलं. ती हसून म्हणाली, म्हातारा झालास दादा, उलट म्हणायचं असतं हे पण विसरलास. मी विसरलो नव्हतो. ते शब्द मी तिच्यापुढे पुष्कळ वापरले. आता तिच्याकडे मागत नाही, तुमच्याकडेही मागत नाही.

पुढच्या राखीला मंजू येईल. पिशवी खाली ठेवेल, दिव्याच्या बटणांवरून अंदाज घेईल, कागदावर तळवा ठेवेल, मग अंगठा. मी शेजारी उभा असेन. त्या कागदामागे लांबी आहे, लांबीवर प्रायमर आहे. बाईचा अंगठा मी खरवडला. माझ्या हाताने, त्याच्या रेषा दिसत असताना.